नाडीतली खिडकी

माणसाचं चारित्र्य त्याच्या बुटाच्या नाडीवरून ओळखावं, असं आमच्या मेजरांचं ठाम मत होतं. त्या हिशोबाने रांजणगावच्या आमच्या कंपनीत चारित्र्यवान माणसं फार थोडी निघाली असती, कारण बहुतेक जण चपला घालून यायचे. मेजरही खरे मेजर नव्हते. ते फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. पण शिरूर तालुक्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. आमच्या गेटवरच्या गार्डांचे ते सुपरवायझर होते आणि गेटला लागूनच असलेल्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो.

नवा गार्ड आला की मेजर त्याला शिट्टी आणि दांडकं नंतर देत. आधी बाकावर बसवून बूट बांधायला शिकवत. टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग नाडीला हात लावायचा. बोटांवर नाडी सैल, चवड्यावर बेताची. पावलाच्या वर जिथे हाड उंच येतं, तिथे फुली मारायचीच नाही. नाडी दोन्ही कडांनी सरळ वरच्या भोकात न्यायची. मधे मोकळी राहिलेली जागा म्हणजे मेजरांची ‘खिडकी’. घोट्याशी नाडीला दोन वेढे, तेवढे मात्र घट्ट, म्हणजे चालताना टाच उचलत नाही. पोटरीशी पुन्हा सैल.

“झालं? आता उभा ऱ्हा आन् पायाला इचार काय म्हनतोय,” मेजर सांगत.

“पाय बोलतो व्हय मेजर?” पोपट नावाच्या गार्डाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“तुज्यापेक्षा कमी बोलतो. पर खरं बोलतो.”

पोपट पुढे मेजरांचा उजवा हात झाला. बोलणं मात्र कमी झालं नाही.

सव्वीस जानेवारीला साहेबांना गार्डांचे बूट एकसारखे दिसायला हवे असत. म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारखी आडवी, करकचून आवळलेली नाडी. मेजर सगळ्यांना तशी बांधून देत आणि साहेबांचं भाषण संपलं की लगेच सोडायला लावत. भाषण लांबलं तर गार्डांच्या चेहऱ्यावर देशभक्तीसारखं काहीतरी दिसू लागे. “परेडची नाडी बघनाऱ्याची, ड्यूटीची नाडी चालनाऱ्याची,” असं मेजर म्हणत. ते स्वतः झेंड्यापुढेही ड्यूटीच्याच नाडीत उभे राहत.

त्यांची परेडची नाडी वर्षातून एकदाच, एक जानेवारीला. त्या दिवशी ते कोरेगाव भीमाच्या स्तंभाला सलामी द्यायला जात. न्हावऱ्याच्या बौद्ध वस्तीतून फौजेत गेलेले ते पहिलेच. लहानपणी वडिलांचा हात धरून स्तंभापाशी गेले, तेव्हा दोघांच्याही पायात काही नव्हतं. “बा अनवानी आला हुता,” ते एकदा मला म्हणाले, “तवा तितं तरी मी आवळूनच जानार. दुखलं तर दुखू दे.”

दुखत होतं तोवर ठीक होतं.

मेजरांना साखर निघाली. चहा बिनसाखरेचा झाला, एवढाच फरक आम्हाला दिसला. मग दोन-तीन वर्षांनी पोपटने एका सकाळी त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं. “मेजर, खिडकी इसरला.”

“इसरलो न्हाई रं. बूट पायात हाय का न्हाई, ह्येच कळंना झालंय. ढिला लागतोय. मंग आवळतो.”

“वय झालं. पाय वाळलं आसतील,” पोपट म्हणाला आणि आम्ही हसलो. मेजरही हसले.

बूट ढिला झालेला नव्हता. दौंडला त्यांची मुलगी दिली होती. तिने तिथल्या डॉक्टरांना पाय दाखवले, तेव्हा कळलं की साखरेने पायांची जाणीवच गेली आहे. जखम झाली तरी समजणार नाही, चिघळली तर पाय काढावा लागेल, तेव्हा बूट बंद, मऊ चप्पल घाला, असं डॉक्टरांनी बजावलं. हे डिसेंबरात. एक जानेवारी तोंडावर आलेली.

आदल्या संध्याकाळी मी न्हावऱ्याला त्यांच्या घरी होतो. मेजर बुटांना पॉलिश करत होते. त्यांची बायको, आम्हा सगळ्यांच्या मावशी, चुलीपुढून म्हणाल्या, “आवो, चपलीवर सलाम केला तर त्यो स्तंभ रुसतोय व्हय?”

“स्तंभ न्हाई रुसायचा. बा रुसंल.”

“मामंजी जाऊन किती वर्सं झाली!”

“म्हनून तर. जित्ता आसता तर समजावला आसता.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. गाड्या लांबच थांबवल्या होत्या. गर्दीतून बरंच चालावं लागलं. मेजर कुठे लंगडले नाहीत, कुठे टेकले नाहीत. स्तंभापुढे टाचा जुळवून त्यांनी सलामी दिली, ती इतकी ताठ की शेजारची पोरंही सरळ उभी राहिली.

घरी आल्यावर मावशींनी त्यांचे बूट काढले. उजव्या पायाचा मोजा लाल झालेला होता. जिथे खिडकी असायची, नेमकं तिथलं कातडं गेलं होतं. मेजर त्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे बघत राहिले.

“कायच बोलला न्हाई,” ते म्हणाले.

फेब्रुवारीत दौंडच्या दवाखान्यात तो पाय गुडघ्याखाली काढला. पुढे रबरी पाऊल असलेला पाय मिळाला. मेजरांनी त्यालाही बूट चढवला आणि नाडी बांधताना हाडाच्या जागी खिडकी सोडली. मी म्हटलं, “रबराला कसली खिडकी, मेजर?”

“ह्यो तर जल्माचाच मुका. ह्याच्याकडं जास्त बगाय लागतंय.”

पुढच्या पावसाळ्यात डाव्या पायालाही जखम झाली. तो काढायचा की नाही हे ठरण्याआधीच विष वर चढलं आणि मेजर गेले.

वस्तीतल्या विहारापुढे शोकसभा झाली. फोटोपुढच्या टेबलावर मेजरांचे बूट ठेवले होते. पोपटने ते चकचकीत करून परेडसारखे करकचून बांधले होते. तालुक्याचे एक पुढारी माईक हातात घेऊन उभे राहिले, तेवढ्यात मावशी उठल्या. टेबलाशी जाऊन त्यांनी दोन्ही नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या, खिडकी सोडून. पोपट खाली मान घालून उभा होता. पुढाऱ्यांना तेवढा वेळ थांबावं लागलं.

मग ते बोलले. “मेजरांनी आपल्या जवानांना बांधायला शिकवलेली गाठ काळालाही सुटणार नाही,” असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. आमच्या गेटवरचे गार्ड पोपटच्या हुकमावर पुढे आले आणि टाचा जुळवून त्यांनी सलामी दिली. गार्ड पुरवणाऱ्या नव्या ठेकेदाराने त्यांना त्याच महिन्यात नवे बूट दिले होते. त्यांना आतल्या बाजूने चेन होती; नाडी पुढे नुसती शोभेला होती.