शिट्टीपुरती फट

तात्यांनी तीस वर्षांत शेकड्यांनी कवळ्या केल्या, पण त्या घालून हसणारं माणूस क्वचितच पाहिलं. पुढे दवाखान्यात डॉक्टरीणबाई मापं घ्यायच्या, मागच्या खोलीत तात्या प्लास्टरच्या साच्यावर दात बसवायचे. ओळीत, एकसारखे, कुणी नाव ठेवणार नाही असे.

म्हणून एक कवळी परत आली तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. पाठोपाठ कवळीची मालकीणही आत आली. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, काटक अंगाच्या बाई.

"पुढच्या दोन दातांत फट हवी," बाई म्हणाल्या. "माझ्या दातांत होती."

"अहो, लोक फट बुजवून घ्यायला इथे रांगा लावतात!"

"लावू देत. मला शिट्टी मारायची आहे."

"या वयात?" तात्यांच्या तोंडून निघून गेलं.

बाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. थोरली बहीण समोरच्या इमारतीत एकटीच राहायची. रोज सकाळी बाई आपल्या खिडकीतून शिट्टी मारायच्या, की ताई तिच्या खिडकीत यायची. दात काढल्यापासून, दोन महिने, सगळं बंद.

"मग फोन करा की."

"फोनवर ती खोटं बोलते हो! अंथरुणात पडून 'ठणठणीत आहे' म्हणते. शिट्टी ऐकली की मात्र तिला राहवत नाही, उठून येते. मग मला दिसतं ना, केस विंचरलेत का, भिंत धरून आली का."

तात्या उठले. खण उघडून सगळ्यात बारीक कानस शोधू लागले.

केसाएवढं घासायचं, धुवायचं, बाईंच्या हाती द्यायचं. पहिल्यांदा नुसतंच फुस्स. दुसऱ्यांदा तात्यांच्या चष्म्यावर थुंकी उडाली. बाई ओशाळल्या. "चालू द्या," तात्या काच पुसत म्हणाले. सहाव्या खेपेला अशी सणसणीत शिट्टी वाजली, की डॉक्टरीणबाई पेशंटला आ वासलेला तसाच सोडून धावत आल्या.

बाई हसत सुटल्या. तात्या बघतच राहिले. एवढी सुबक कवळी त्यांनी आपल्या हाताने बिघडवली होती, आणि ती आत्ता कुठे पुरी झाल्यासारखी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "ताई लंगडत आली खिडकीत! आठ दिवसांपूर्वी पडली, पण पत्ता लागू दिला नाही. आता पाय दाखवायला घेऊन निघालेय. रस्ताभर मला शिव्या घालतेय, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही!"

फोन ठेवून तात्या तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. "यापुढे प्रत्येक मापासोबत एक चिठ्ठी द्या. या दातांनी माणसाला करायचंय काय, तेवढं विचारून लिहा."

"आणखी एक काम!" त्या कुरकुरल्या. पण संध्याकाळच्या साच्याला चिठ्ठी होती: 'आजोबांना काही खायचं नाही. नातीच्या लग्नात तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा आहे.'

तात्यांनी लग्नाची तारीख विचारून घेतली, आणि बाकीची कामं बाजूला सारली.