प्रश्न माझे, उत्तरं दादाची

मराठी सातवीची फायनल पास झाले आणि मला घरी बसवलं. बसवलं म्हणायचं एवढंच, बसायला कुणी देत नव्हतं. धुणं, पाणी, भाकऱ्या, ज्वारी निवडणं. डोक्यात मात्र एकच भुंगा: पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं आणि मास्तरीण व्हायचं. शाळेतल्या बाईंनी माझ्या वडिलांना, आबांना, सांगून पाहिलं. आबा करमाळ्याकडची शेती भावावर सोपवून आलेले, गिरणीच्या हापिसात कारकून. साहेब बोलला की त्यांना ब्रह्मवाक्य; बाई बोलल्या ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. "बगू की," म्हणाले. आबांचं 'बगू की' आम्हाला पुरतं ठाऊक होतं. मार्गशीर्षात माझं लग्न उरकायचं, हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्याच वर्षी दादाचं नशीब उघडलं. दादा माझा थोरला भाऊ, गिरणीच्या रंगखात्यात कामाला. रंगाचे डबे जर्मनीहून यायचे आणि ते विकणारा जर्मन साहेब अधूनमधून सोलापूरला चक्कर टाकायचा. तो म्हणाला, एक चुणचुणीत पोरगा द्या, आमच्या कारखान्यात नेऊन रंगकाम शिकवतो. मात्र तिकडे इंग्रजी कुणी बोलत नाही, तेव्हा माझ्या पुढच्या फेरीपर्यंत त्याला जर्मन आलं पाहिजे. आबांनी दादाला पुढे केलं.

मुंबईहून पुस्तक मागवलं. त्यात सगळी प्रश्नोत्तरं. प्रवाशाला हॉटेलात काय विचारतात, त्यानं काय सांगायचं. स्टेशनावर, दवाखान्यात, दुकानात. दादानं इंग्रजीवरून उच्चार लावले आणि कडेला पेन्सिलीनं देवनागरीत लिहिले, खाली मराठी अर्थ. आता पाठ म्हणून घ्यायला कुणीतरी हवं. घरात वाचता येणारी आणि हुकमाची अशी मीच. रोज गिरणीचा भोंगा झाला, दादा घरी आला, हातपाय धुतले की आम्ही ओट्यावर. मी पुस्तक धरून प्रश्न विचारायचा, त्यानं उत्तर द्यायचं. चुकला की मी खेकसायचे. त्याच्यावर खेकसायची तेवढीच मुभा मला होती, ती मी सोडली नाही.

शेजारी माग चालायचे आणि मागावरची माणसं तेलुगूत भांडायची. भाजीवाली कानडीत भाव सांगायची, टांगेवाला दखनीत घोड्याला शिव्या द्यायचा. त्या गल्लीत आणखी एक भाषा आली तर कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आई तेवढी करवादायची. "ह्या जर्मनानं डोस्कं फिरीवलंय हिचं. कुटं हाय ध्यान? भाकरी करपली बग!"

खरंच फिरलं होतं. मला प्रश्नांचं वेडच लागलं. चुलीशी, नळाशी, दोरीवर कपडे टाकताना तेच. रात्री झोप चांगली झाली का? खोलीचं भाडं काय? स्टेशन कुठे आहे? एका जागी पाय ठरेना. आतून ओट्यावर, ओट्यावरून आत. आम्हाला कुठल्या गावाला जायचं नव्हतं आणि तोंडात सदानकदा स्टेशन. चिडचिड इतकी व्हायची की तांब्याच तेवढा आपटायचा राहायचा, आणि एक दिवस तोही आपटला.

उत्तरं मात्र मी कधी मोठ्यानं म्हटली नाहीत. कळायची सगळी. कळल्याशिवाय चूक कशी काढणार? पण पुस्तकातला उत्तर देणारा होता एक व्यापारी. माझी पेटी जड आहे, मला वरच्या मजल्यावरची खोली द्या, माझी बायको घरी आहे. ते माझ्या तोंडी शोभेना. दादाचा कोट घालून बाजारात जावं तसं वाटायचं.

आणि याच सगळ्यातून मी एक मनसुबा रचला. साहेब आमच्या घरी येणार होता, आबांनी त्याला चहाला बोलावलं होतं. त्याच्या कानावर माझं जर्मन पडलं पाहिजे. तो चकित होईल, आबांना म्हणेल, पोरगी हुशार आहे, शिकवा. साहेबाचा एक शब्द पडला की मी पुण्यात. यापलीकडे मला काही दिसत नव्हतं.

साहेब आला. लालबुंद, घामाघूम, खुर्चीत मावेना. शेजारून आणलेल्या कपबशा, शेंगापोळी, चिवडा. मी आतल्या दाराच्या चौकटीशी, अर्धी आत, अर्धी बाहेर. साहेबानं चहाचा घोट घेतला आणि दादाला काहीतरी विचारलं.

दादानं चिवड्याची बशी त्याच्यापुढे सरकवली.

साहेबानं पुन्हा विचारलं. आबा खुर्चीच्या टोकाला आले. प्रश्न अगदी सोपा होता, काम काय करता एवढाच. पण साहेबाच्या भसाड्या आवाजात दादाला तो ओळखूच आला नाही. त्यानं जन्मात जर्मन ऐकलं होतं ते माझ्या आवाजात. मला राहवेना. मी दाराआडून तोच प्रश्न माझ्या चालीवर विचारला.

"मी रंगखात्यात काम करतो," दादा जर्मनमध्ये धडाधड बोलला.

साहेबाचा घास हातातच राहिला. त्यानं दुसरा प्रश्न टाकला. दादानं दाराकडे पाहिलं. मी विचारलं, दादानं उत्तर दिलं. असं चार-पाच वेळा झालं. साहेब पोट धरून हसला आणि मला बाहेर बोलावलं. आबांनी आईकडे पाहिलं, आईनं जमिनीकडे. मी पदर सावरून पुढे झाले.

साहेबानं मलाच विचारलं, "या जर्मनचं तुम्ही काय करणार?"

सवयीनं तोच प्रश्न मी दादाला विचारला. साहेबानं मान हलवली. नाही, नाही, तुम्ही सांगा. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, पण त्या व्यापाऱ्याकडे नव्हतं. पेटी, खोली, बायको, सगळं आठवलं. मला हवं होतं ते कुठल्या पानावर नव्हतं. मी दादाकडे वळून हळूच मराठीत म्हटलं, "सांग त्यास्नी. मला पुण्याला जाऊन मास्तरीण व्हायचंय. आबा न्हाय म्हनत्यात."

दादानं आबांकडे पाहिलं. मग साहेबाकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, "ती म्हणते, गंमत म्हणून शिकले. आता माझं लग्न आहे."

त्याला वाटलं असेल खपून जाईल. अरे, तुझी चूक काढायला मीच बसत होते ना इतके महिने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तकातलं जे आठवलं ते मी त्याच्या तोंडावर फेकलं, "इस्ट दास वार?"

हे खरं आहे का?

दादानं कप खाली ठेवला. म्हणाला, "नाइन." म्हणजे नाही. आणि मग तुटक तुटक, क्रियापदं मागेपुढे टाकत, त्यानं माझं खरं वाक्य साहेबाला सांगितलं. पुणं. शाळा. मास्तरीण. वडील नाही म्हणतात. पुस्तकाबाहेरचं दादा तेवढंच बोलला असेल.

"काय म्हंती ही?" आबांनी विचारलं.

दादा आबांना म्हणाला, "आनखी च्या घेनार का इचारती साहेबास्नी."

साहेबाला मराठीचा गंध नव्हता. त्याला वाटलं, दादानं आबांनाही तेच सांगितलं. त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि आबांना इंग्रजीत एवढंच म्हणाला, "यस?"

"यस सर! व्हाय नॉट, सर!" आबा उठूनच उभे राहिले.

साहेबानं आबांचा हात धरून जोरजोरात हलवला, पाठ थोपटली. आबांना कळेना, चहाचं एवढं काय! तरी ते फुलून गेले. दादा मान खाली घालून बसला. मी आत जाऊन चहा टाकला. रडू येत होतं आणि रडण्यापेक्षा संताप जास्त.

तो चहा पिऊन साहेब निघाला. दादाची निवड झाली, तसं त्यानं दारातच सांगितलं. मग माझ्याकडे वळून, टोपी हातात धरून, माझं पुण्याचं ठरलंच असं समजून हौसेनं विचारलं, "मग, तुम्ही कधी निघणार?"

हा प्रश्न स्टेशनच्या धड्यात होता. कितीदा विचारला असेन मी तो. त्याचं उत्तरही मला पाठ होतं आणि या वेळी ते व्यापाऱ्याचं वाटलं नाही.

"मॉर्गन फ्र्यू," मी म्हटलं. उद्या सकाळी.

साहेब खूश होऊन टांग्यात बसला. जर्मनमध्ये मी दिलेलं ते पहिलं उत्तर, आणि शेवटचंही.