थांबताई

तिचा आवाज शिट्टीपेक्षा हळू, तरी सगळं कोर्ट तिचंच ऐकायचं. माझ्या पोटदुखीची सुरुवात तिथून झाली.

आम्ही दोघंही पोरांच्या बास्केटबॉलचे पंच. चेंडू रेषेबाहेर गेला की थ्रो-इन. पंचानं चेंडू पोराच्या हातात द्यायचा आणि पोरानं पाच सेकंदांत तो आत टाकायचा, नाहीतर चेंडू समोरच्यांना. मी चेंडू हातात कोंबायचो आणि हात हलवत मोजायला लागायचो. ही बाई चेंडू स्वतःजवळ धरून आधी पोराच्या डोळ्यांत बघायची. "थांब. बघ. मग टाक." एवढं बोलून चेंडू द्यायची, मग मोजायची. पोरांनी तिचं नावच थांबताई पाडलं. मला मात्र नुसतं 'सर'.

एकदा मी तिला सुनावलंच, "मॅडम, शिकवणं हे पंचाचं काम नाही."

"सर, शिट्टी काय, कुणीबी फुंकतं," ती आपल्या देवगाव रंगारी गावच्या ठसक्यात म्हणाली, "लेकराचा जीव ठिकाणावर आहे का, ते बघायला नको व्हय?" वर डब्यातला भाकरी-ठेचा पुढं केला. ठेचा लई झकास होता, त्याचाही मला राग आला.

परकी पोरं गेली खड्ड्यात, पण माझी स्वतःची सई! पुंडलिकनगरात आमच्या गच्चीवर चेंडू पोटाशी धरून थांबताईची नक्कल करायची. घरात बाप पंच असताना! जळायचो मी, सरळ सांगतो.

मग मुलींचा जिल्ह्याचा अंतिम सामना आला. लेक खेळणार म्हणून मी प्रेक्षकांच्या पायरीवर, मैदानात पंच थांबताई. सईचा संघ एका गुणानं मागं, शेवटचे काही क्षण आणि थ्रो-इन सईचा. "थांब. बघ. मग टाक." सईनं बघितलं. समोरच्या पोरींनी वाटच सोडली नाही. थांबताईचा हात पाचव्यांदा हलला, शिट्टी वाजली. चेंडू गेला आणि सामनाही गेला.

लेक रडत होती अन् माझ्या मनात लाडू फुटत होते. म्हटलं, उतरलं एकदाचं हे भूत! रुमाल काढून खाली धावलो, तर सई थेट तिच्याच कुशीत.

"ताई, तुम्ही बरोबर मोजलं. मीच लई बघत बसले."

"बघितलंस ते चांगलंच केलंस गं. आता टाकायचं शिकू."

रुमाल घेऊन उभा असलेला बाप दोघींनाही दिसला नाही.

यंदा तिला नांदेडला नोकरी लागली. निरोपाला पोरं ओक्साबोक्शी रडली. मी मनात म्हटलं, चला, कोर्ट मोकळं झालं.

परवा एका चिमुरडीला थ्रो-इन देत होतो. तिचा जीव ठिकाणावर नव्हता. चेंडू माझ्या हातातच राहिला आणि तोंडातून आपसूक निघालं, "थांब. बघ. मग टाक." पोरगी हसली आणि चेंडू नीट आत टाकला तिनं.

सामना संपल्यावर ती माझ्याकडं पळत आली. आता कौतुक करणार म्हणून मी जरा ताठ झालो.

"सर, थांबताई परत कधी येणार?"

बघा! गेली तरी पोरं तिचीच. आणि आता तर माझं तोंडही तिचंच झालंय.