कोरी राहिलेली वही

उकडलेल्या धानाचा आंबूस वास आला की माझा उजवा तळवा आजही आखडतो. गोंदियाजवळच्या, उकडा तांदूळ करणाऱ्या राईस मिलमध्ये मी नवा सुपरवायझर होतो, आणि नवी मशीन यायच्या आत धान वाफवणाऱ्या जुन्या मिस्त्रीची सगळी माहिती वहीत उतरवून घे, असं मालकानं मला बजावलं होतं. तीन दिवस मिस्त्री टाळत राहिला. चौथ्या दिवशी वाफेच्या टाकीपाशी मी पेन उघडून पुन्हा विचारलं, "धान शिजलं हे कळतं कसं?" त्यानं माझं मनगट पकडलं. "सारं लिवून घेशील अन् मंग मले घरी धाडशील, नाई का?" असं म्हणत त्यानं माझा हात टाकीतून नुकत्याच पडलेल्या धानात कोपरापर्यंत खुपसला. मी किंचाळलो, त्याच्या पोटात गुडघा हाणला, तरी पकड सुटेना. "कळलं आता? हे लिव!" शेवटी एका हमालानं त्याच्या पाठीत फावडं घातलं, तेव्हा तो पडला. मालकानं त्याला त्याच दिवशी हाकललं. वही कोरीच राहिली, पण धान कधी शिजतं ते माझा हात शिकला होता आणि त्याच जोरावर मी या मिलमध्ये आजवर टिकलो. काल नवा इंजिनियर माझी माहिती उतरवून घ्यायला लॅपटॉप उघडून समोर बसला, "सर, शिजलं हे कळतं कसं?" माझ्या मुठीत त्याचं मनगट आहे, हे मला त्याच्या ओरडण्यानं कळलं.