दादाच्या बिअरला मॉल्ट केव्हा घालावा

वर्षभर अबोला धरलेल्या भावाचे बडोद्याहून पत्र आले : "बिअरच्या दोन्ही खेपा बिघडल्या. मॉल्टचा अर्क घेऊन ये." माफी नव्हती. भांडण याचेच होते. मॉल्ट केव्हा घालावा हे मी सांगितले होते, आणि तो म्हणाला होता, "नन्सनी तुला भरतकाम शिकवलं, बिअर नाही." आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या बेल्जियन सिस्टर दर उन्हाळ्यात बिअर करत आणि ढवळायला मला उभी करत. चूक कबूल करून घ्यायला मी निघाले.

अर्क औषधांच्या दुकानात मिळतो. अशक्त मुलांना देतात. दुकानदाराने मुलाचे वय विचारले. "त्रेसष्ट," मी म्हणाले.

मुंबईहून सकाळची गाडी घ्या. नर्मदेचा पूल लागला की सुटे पैसे काढा. भरूचचे खारे शेंगदाणे चुकवू नयेत. बडोद्याला टांगेवाला "आठ आना, बेन" म्हणेल. चार द्या. नागरवाड्यापर्यंत तो कुरकुरतो, घोडा नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात मुलींनाही शाळा सक्तीची आहे. भावांसाठी तसा कायदा अजून झालेला नाही.

दारातच वहिनी म्हणाल्या, "वन्सं, बरं झालं आलात. आंघोळीच्या पाण्याचा हंडा दोन महिने ह्यांच्या बिअरला आहे."

बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची वाळकी फुले एकाच खेपेपुरती उरली होती. मी दादाला कृती विचारली.

"आधी मॉल्ट चुलीवर. एकतारी पाक झाला की पाणी, मग फुलं."

"लाडू वळतोस का?"

"काकवीसारखा दिसतो, शांते. शिजवायला नको?"

म्हणूनच बिअर काळी आणि करपट होत होती. मी हंड्यात पाणी, पाव हिस्सा मॉल्ट आणि फुले घालून पाऊण तास उकळू दिले. मग म्हटले, "हंडा उतरव."

"उकळी मोडेल!"

"मोडू दे. मॉल्ट जाळावर घातलास तर तळाशी बसून जळेल."

दादाने वहिनींकडे पाहिले. वहिनींनी त्याच्या हातात फडकी दिली. हंडा उतरला. उरलेला मॉल्ट मी पूर्ण विरघळेपर्यंत ढवळला आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी हंडा पुन्हा चढवला. रंग मधासारखा आला.

"रंग बरा आहे," दादा वहिनींना म्हणाला. मी तिथेच उभी होते.

थंड झाल्यावर यीस्ट घातले. तिसऱ्या दिवशी मी परतले.

महिन्याभराने गवतात गुंडाळलेली बाटली आली. सोबत चिठ्ठी : "शांते, लक्षात ठेव. बहुतेक मॉल्ट शेवटी घालावा, हंडा उतरवून. हा माझा अनुभव आहे."

बिअर उत्तम होती. अबोला पुन्हा सुरू आहे, या वेळी माझ्याकडून. दिवाळीच्या खेपेला ढवळायला जायचे आहे, तोपर्यंत.