शकूबाई एम.ए. झाली नव्हती

आर्णीकडून सकाळच्या एसटीनं शकूबाईचा चुलत दीर आला तेव्हा मी चुलीपुढं पोळ्या लाटत होते. तो ओसरीवर बसला आणि पाण्याचा तांब्या त्यानं हातानंच बाजूला सारला. पाणी न घेणारा पाहुणा काय सांगायला आला आहे, हे आतल्या बाईला आधी कळतं. शकूबाईला कावीळ झाली होती म्हणे. यवतमाळच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेली. अंतर काही फार नव्हतं. निघायलाच उशीर केला...

तेरवी तिच्या सासरी झाली. त्यानंतर इकडं आमच्या ओसरीवर माणसं भेटायला येऊ लागली, अजून येतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, येईल त्याला सांगतात, "एम.ए. झालती माही लेक. भूगोलात. आपल्या तालुक्यात कोणाची हाये सांगा बरं." माणसं माना हलवतात. शाळेच्या गुरुजींनी तर शोकसभेत तसं बोलूनही दाखवलं. मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी असते. मामाजींपुढं मी आजवर तोंड उघडलेलं नाही, आताही उघडणार नाही. म्हणून इथं लिहून ठेवते, मग हे कोणी वाचो न वाचो. शकूबाई एम.ए. झाली नव्हती.

छप्पन साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती शाळेत होती. नात्यानं नणंद, वयानं माझ्याहून थोडीच लहान. माझी चौथी झाली आणि मला घरी बसवलं. तिला मात्र पुढं शिकवलं, कारण मामाजींना लेकीच्या हुशारीचं कौतुक होतं. हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. नागपूरला तिच्या मामाकडं राहून ती बी.ए. झाली आणि तिथंच एम.ए.ला गेली. भूगोल म्हणजे नद्या आणि राजधान्या पाठ करायच्या, असं मला वाटायचं. सुट्टीत आली की मी दाणे निवडायची आणि ती समोर बसून समजावून सांगायची. बाजार राळेगावलाच का भरतो, आपल्या गावात का नाही, कोणत्या गावचा माणूस किती लांबून तिथं चालत येतो, हे सगळं कागदावर मांडता येतं म्हणायची. "जवळची विहीर सोडून एखादी बाई लांबच्या विहिरीवर जाते, त्यालेबी कारण असते वयनी. तेच शोधाचं असते," असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. त्या दिवसापासून विहिरीवर गेले की कोण कुठून आलं आहे, कोण बाजूला थांबलं आहे, हे मला दिसायला लागलं. आधीही दिसत होतंच, पण मी पाहत नव्हते.

एम.ए.ला नुसते पेपर देऊन भागत नव्हतं. सगळ्या वर्गानं एका गावी आठवडाभर कॅम्प करायचा, शेतं मोजायची, घरोघरी जाऊन विचारायचं आणि गावाचा नकाशा काढायचा, असा नियम होता. कॅम्प केल्याची सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. पहिल्या वर्षी कॅम्प मेळघाटात गेला. वर्गात ही एकटीच मुलगी. मामाजींनी साफ सांगितलं, "पोरीची जात तंबूत राहात नसते." ती रडली नाही. तिनं वर्षभर विचार केला आणि एक तोड काढली. पुढचा कॅम्प आपल्याच गावी न्यावा, असं तिनं सरांना सुचवलं. काळी जमीन आहे, मुरमाड बरड आहे, नाला आहे, जंगलाची कड आहे, एका आठवड्याला आणखी काय पाहिजे? सर कबूल झाले. मुलगी आपल्या घरी झोपणार म्हटल्यावर बापाला नाही म्हणायला जागाच उरली नाही. हे सांगताना ती चुलीपुढं माझ्या पाठीवर थापा मारून हसत होती. इतकी मोकळी हसलेली मी तिला नंतर पाहिली नाही.

मामाजी खरंच खुश झाले. कॉलेज आपल्या गावात येऊन राहिलं, हा केवढा मान! आमराईत तंबूंसाठी जागा साफ करून घेतली, पाण्याची सोय केली, आणि कॅम्प आला त्या संध्याकाळी सरांना सांगून टाकलं की दोन्ही वेळचं जेवण आमच्या घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मुलं ओसरीवर चहाला जमली होती. शकूबाई आतून आली. पायात नागपूरहून आणलेले कॅनव्हासचे नवे बूट, वेणी घट्ट बांधलेली, काखेत कागदांची सुरळी. मामाजी रागावले नाहीत. अगदी गोडीनं म्हणाले, "तू कुठं चालली शकू? पाव्हणे आपले हायेत. तुही माय अन् वयनी, दोघीच्यानं कसं होईन?"

तिनं सरांकडं पाहिलं. सरांनी कपात पाहिलं. तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, विड्याचं पान जुळवत बसले होते, ते जुळवतच राहिले. तिनं उंबऱ्याच्या आत येऊन बूट काढले... दुसऱ्या कोणत्याही गावात ती एम.ए.ची विद्यार्थिनी असती. आपल्या गावात ती यजमानाची लेक होती, आणि गाव तिनंच निवडलं होतं.

आठवडाभर आम्ही पोळ्या लाटल्या. खिडकीतून शेतं दिसायची. मुलं तीन पायांच्या घोडीवर लाकडी पाटी ठेवून, एक डोळा मिटून झेंडीकडं बघत रेघा मारायची. एका दुपारी शकूबाईनं पेटीतली होकायंत्राची डबी आणली, आमच्या सागाच्या पोळपाटावर पिठातच ठेवली आणि काटा स्थिर झाल्यावर खिळ्यानं पोळपाटाच्या काठावर एक बाण कोरला. नकाशावर आधी उत्तर दिशा काढावी लागते म्हणाली. मग पोळपाट उलटा करून मला दाखवला. "पाहा वयनी, त्याईच्या पाटीले तीन पाय अन् माह्या पोयपाटालेबी तीनच." मला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या पंगतीला एक मुलगा म्हणाला, एम.ए.ला स्वयंपाकाचा पेपर असता तर शकुंतलाबाई पहिल्या आल्या असत्या. सगळे हसले. ती वाढत होती. तिनं त्याला आणखी एक पोळी वाढली.

शेवटच्या दिवशी सर निघताना ती दारात आली. "सर, माझी सही?" सर भले माणूस होते, त्यांना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "तुमच्या घरानं आमचं फार केलं. पण शेतात तुम्ही एक दिवसही नव्हतात. सही कशी देऊ? पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर करा." नियम म्हणून ते खरंच होतं. त्याच नियमाच्या माणसानं आठवडाभर तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या होत्या. मामाजी हसून म्हणाले, "कायले पायजे सही? अख्ख्या कॉलेजात नाव झालं तुहं."

परीक्षेला बसू दिलं नाही. ती पेटी घेऊन परत आली. पुढचं वर्ष यायच्या आत आर्णीकडचं स्थळ आलं. मुलगा बी.ए. होता. मुलीचं एम.ए. राहून गेलं आहे म्हटल्यावर त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बरंच झालं व माय, पोरापेक्षा जास्त नोको." ते ऐकून माझ्या सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. शकूबाई माहेरी यायची तेव्हा भूगोलाचं नावही काढत नसे. मीच एकदा काढलं, तर म्हणाली, "राहू द्या वयनी." बूट सासूबाईंनी कधीच कोणाला तरी देऊन टाकले होते.

पोळपाट आहे. काठ गुळगुळीत झाला, पण बाण बोटाला लागतो. मांडताना तो मी उत्तरेला, नाल्याकडच्या भिंतीकडं करते. पोळपाट आडवा बसतो, कोपर भिंतीला घासतं, सासूबाई कुरकुरतात, सरळ मांड म्हणतात. मी तसाच ठेवते.

काल घाटंजीकडचे पाहुणे भेटायला आले. ओसरीवरून मामाजींचा आवाज येत होता... एम.ए. झालती, भूगोलात. मग आत हाक आली, "सूनबाई, पोयी येऊ द्या." मी पोळपाट उत्तरेला फिरवला आणि लाटायला बसले.