मामा आणि खोक्यांच्या कंपनीचं निव्वळ कर्ज

आमच्या हिच्या मामांना बोलावून ज्याचं कार्य निर्विघ्न पार पडलं, असा यजमान शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मला अजून भेटायचा आहे. मामा सापगावला राहतात. पीत नाहीत, भांडत नाहीत, मानपानावरून रुसत नाहीत. फक्त कंपन्यांची चौकशी करतात. एका बारशाला त्यांनी बाळाच्या बापाला त्याच्या कंपनीवरून असं धरून बसवलं, की पाळणा आटोपला तरी बापाला बाळाचं नाव ठाऊक नव्हतं. पंगतीत तर त्यांच्या शेजारी बसूच नये. पानातला भात म्हणजे कर्ज, वाटीतलं वरण म्हणजे हातातली रोकड. "रोकड वजा करून उरतं ता निव्वळ कर्ज. भात केवढा हाय ता नको बघू रे, वरण पुरतंय का बघ." तोवर शेजाऱ्याचं जेवण गार.

माझ्या मेहुणीला मुरबाडचं स्थळ आलं. मुलगा पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कंपनीत, हिशेबखात्यात. स्थळ मी आणलेलं, बैठक शेणव्याला सासुरवाडीत. पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मुलाचे वडील कौतुकाने सांगू लागले की कंपनीने नवी शेड बांधली, नवं मशीन आणलं. मी मामांचा गुडघा दाबला. उपयोग झाला नाही.

"मशीन कर्जावर आणलं का?"

"ता आमाला काय ठावं? पगार टाइमवर होतो."

"पगार टाइमवरच होतो हो, बंद पडेपर्यंत. निव्वळ कर्ज किती? वर्साच्या कमाईच्या किती पट?"

वडील चहा तसाच ठेवून उठले. मेहुणीने पुढे कितीतरी दिवस अबोला धरला. मामांशी नव्हे, माझ्याशी.

पुन्हा असं करू नका, हे मामांना समजवायला मी सापगावला गेलो होतो, तेव्हा तोच मुलगा एकटा तिथे आला. ओट्यावर टेकून म्हणाला, "कर्ज आहे, मामा. रोकड वजा केली तर वर्षाच्या कमाईच्या दुपटीच्या आत बसतं. पण मोठं गिऱ्हाईक एकच आहे. ते तुटलं तर अवघड."

"ह्या तुला कोणी सांगितलं?"

"मीच बघितलं. रोज तिथे बसतो, पण तुम्ही विचारेपर्यंत कधी बघितलं नव्हतं."

मामा माझ्याकडे वळले. "पोरगा लपवीत नाय. द्या मुलगी." इतका मनस्ताप देऊन हे दोन शब्दांत! मी कपाळाला हात लावला.

मुलगा गेल्यावर मामा ओट्यावर त्याच्या जागी टेकले. ते ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या तोंडून मात्र ते कधी निघालं नव्हतं.

"गेटला नवा रंग दिला होता, जावईबापू," ते म्हणाले. "आमी खूश. सकाळी डबा घेऊन गेलो तर कुलूप. कोणी सांगितलं नव्हतं. पन आमी तरी कुठं विचारलं होतं?"

मला घरी परतायची घाई होती. तरी मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो.